देणारा आणि मागणारा : चिंतामणराव देशमुखांच्या दोन खुर्च्या

"नोटा तर आपल्याच नाशिकरोडला छापतात. मग सरकार हव्या तेवढ्या छापून सगळ्यांची कर्जं का फेडून टाकत नाही?"

नाशिकमध्ये हा प्रश्न शाळेतली मुलं विचारतात आणि द्वारकेवर रिक्षाची वाट बघणारी मोठी माणसंही विचारतात. प्रश्नाला हसू नये. द्वारका चौकातून पुणे रस्त्यानं सहा-सात किलोमीटर गेलं की नाशिकरोड येतं आणि तिथल्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत. त्याआधी हिंदुस्थानच्या नोटा इंग्लंडहून छापून येत. आज यंत्रं आहेत, शाई आहे, पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारी घरं आहेत. मग अडतं कुठे?

छापखान्यात काहीच अडत नाही. प्रेसला मागणी येते तेवढ्याच नोटा ती छापते. मागणी किती करायची हे ठरतं दोन खुर्च्यांमध्ये. एका खुर्चीवर रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर असतो आणि दुसरीवर देशाचा अर्थमंत्री. या दोन्ही खुर्च्यांवर बसलेला पहिला माणूस मराठी होता. चिंतामण द्वारकानाथ देशमुख त्याचं नाव. त्यांचं आयुष्य समजून घेतलं की वरच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप समोर येतं.

१. आधी दोन नोटा हातात घ्या

दहाची एक नोट घ्या. तिच्यावर रिझर्व्ह बँकेचं नाव आहे, गव्हर्नरची सही आहे आणि धारकाला दहा रुपये देण्याचं वचन आहे. म्हणजे ती नोट हे रिझर्व्ह बँकेचं तुम्हाला असलेलं देणं आहे. बँकेच्या हिशेबाच्या वहीत बाजारात फिरणारी प्रत्येक नोट 'देणे' या बाजूला लिहिलेली असते आणि 'येणे' या बाजूला तिच्या तारणाला सोनं, परकीय चलन किंवा सरकारचे रोखे दाखवावे लागतात.

आता घरात जुनी एक रुपयाची नोट असेल तर ती काढा. तिच्यावर 'भारत सरकार' असं लिहिलेलं आहे. सही अर्थसचिवाची आहे आणि वचन काहीच नाही. एक रुपयाची नोट सरकार स्वतः काढतं. बाकी सगळ्या नोटा बँकेच्या.

सरकारची तिजोरी आणि रिझर्व्ह बँक या अशा दोन वेगळ्या संस्था आहेत. तिजोरीत कर जमा होतात आणि तिजोरीतून पगार, धरणं, रस्ते, सैन्य यांचा खर्च होतो. कर ठरावीक महिन्यांत एकदम येतात, खर्च मात्र रोज चालू असतो. मधल्या दिवसांत हात आखडला की तिजोरी रिझर्व्ह बँकेकडे उसने मागते. गावातल्या पतसंस्थेचा व्यवस्थापक आणि गणेश मंडळाचा खजिनदार यांचं जसं नातं असतं तसंच हे. मंडळाची वर्गणी यायची असते, मांडववाला दारात उभा असतो आणि खजिनदार व्यवस्थापकाला म्हणतो, "आठ दिवसांत देतो." व्यवस्थापकानं प्रत्येक वेळी हो म्हटलं तर ठेवीदारांचं नुकसान होतं आणि प्रत्येक वेळी नाही म्हटलं तर उत्सव अडतो. आता कल्पना करा, की वर्षभरानं तोच व्यवस्थापक मंडळाचा खजिनदार झाला. देशमुखांच्या बाबतीत देशाच्या पातळीवर हेच घडलं.

२. नाते ते मुंबई, केंब्रिजमार्गे

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, रायगडाच्या पायथ्याकडच्या महाडजवळच्या नाते गावचा. वडील वकील. १९१२ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र घेतलं आणि वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक मिळवलं. १९१८ च्या आयसीएस परीक्षेतही पहिलाच क्रमांक. पुढं ज्यांनी देशाचं चलन सांभाळलं, त्यांचं पदवीचं शिक्षण अर्थशास्त्राचं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. हिशेब ते कामातून शिकले.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडात त्यांनी वीस वर्षं काढली. जमाबंदी, जिल्ह्याचा कारभार आणि शेवटी प्रांताच्या अर्थखात्याचं सचिवपद. १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. बँक तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती आणि तिचे भाग खाजगी भागधारकांकडे होते. डिसेंबर १९४१ मध्ये ते डेप्युटी गव्हर्नर झाले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गव्हर्नर जेम्स टेलर वारले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी देशमुख त्या जागी बसले. पहिले हिंदी गव्हर्नर. नाशिकरोडला छापल्या जाणाऱ्या नोटांवर पहिल्यांदा मराठी माणसाची सही उमटू लागली.

३. युद्धाचा खर्च आणि लंडनमधली उधारी

नोटा जास्त छापल्या की काय होतं, हे देशमुखांनी पुस्तकात नाही, गव्हर्नरच्या खुर्चीत बसून पाहिलं. म्हणून इथं थोडं थांबू.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारला हिंदुस्थानातून कापड, धान्य, तंबू, बूट, लाकूड असा अफाट माल हवा होता. समजा, लष्करानं एका व्यापाऱ्याकडून शंभर रुपयांचं कापड घेतलं. व्यापाऱ्याला रुपये इथंच, हातात हवेत. लंडननं रुपये पाठवले नाहीत. तिथल्या खात्यात रिझर्व्ह बँकेच्या नावे साडेसात पौंड जमा करून टाकले. तेव्हाचा दर एका पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै असा होता, म्हणून शंभर रुपयांचे पौंड साडेसात. त्या पौंडांच्या तारणावर रिझर्व्ह बँकेनं शंभर रुपयांच्या नोटा काढल्या आणि त्या व्यापाऱ्याला मिळाल्या.

कायद्याच्या नजरेनं यात काही चुकलं नव्हतं. शंभर रुपयांच्या नोटांमागं किमान चाळीस रुपयांचं सोनं आणि पौंडांतले रोखे असावेत, एवढीच अट होती. इथं तर शंभरच्या शंभर रुपयांचे पौंड होते. पण बाजाराच्या नजरेनं पाहा. कापड जहाजात चढून आघाडीवर गेलं आणि नोटा इथं राहिल्या. त्या नोटा घेऊन लोक उरलेलं धान्य, उरलेलं कापड विकत घ्यायला निघाले. १९३९ मध्ये देशात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा फिरत होत्या. युद्ध संपताना हा आकडा हजार कोटींच्या वर गेला होता. माल त्या प्रमाणात वाढला नव्हता, उलट लोकांच्या वाट्याचा घटला होता. भाव चढले आणि ज्यांची मजुरी चढली नाही ते उपाशी राहिले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली. त्याला कारणं अनेक होती, पण मजुराच्या हातातल्या रुपयाचा भात कमी होत गेला हे त्यातलं मोठं कारण होतं.

हव्या तेवढ्या नोटा का छापत नाहीत, या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं मिळतं. तो प्रयोग आपल्यावर एकदा करून झाला आहे आणि त्या नोटांतल्या बहुतेक नाशिकरोडच्या यंत्रांवरूनच बाहेर पडल्या होत्या.

लंडनच्या खात्यात साचत गेलेल्या या पौंडांना 'स्टर्लिंग शिल्लक' म्हणत. युद्धाअखेर ती सुमारे १३० कोटी पौंडांवर, म्हणजे १,७०० कोटी रुपयांवर पोहोचली. ज्या देशावर राज्य करायचं त्याच देशाचं ब्रिटन देणेकरी झालं होतं. हे देणं कापून टाकावं, निदान कमी करावं, असं म्हणणारे लोक लंडनमध्ये होते. देशमुखांच्या गव्हर्नरपदाच्या काळातला सर्वांत मोठा प्रश्न हाच होता.

४. परिषद, नोटबंदी, फाळणी

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स इथं ४४ देश जमले. जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या दोन संस्थांचा आराखडा तिथं ठरला. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाचे नेते व्हाइसरॉयच्या मंडळातले अर्थसदस्य जेरेमी रेझमन होते. बरोबर देशमुख, ए. डी. श्रॉफ आणि षण्मुखम चेट्टी होते. पौंडांच्या थकबाकीचा प्रश्न नाणेनिधीच्या कामात घ्यावा, ही हिंदी सदस्यांची मागणी मान्य झाली नाही. ब्रिटन हे देणं सन्मानानं फेडेल, एवढं मात्र ब्रिटनचे प्रतिनिधी केन्स यांना भर सभेत सांगावं लागलं. नाणेनिधीत हिंदुस्थानला ४० कोटी डॉलरचा वाटा मिळाला. तो क्रमानं सहावा होता आणि रशिया बाहेर राहिल्यानं पाचवा झाला. पहिल्या पाचांना स्वतःचा संचालक नेमता येई. पारतंत्र्यातल्या देशाला ही जागा मिळाली, ही मला देशमुखांच्या पिढीची मोठी कमाई वाटते.

जानेवारी १९४६ मध्ये सरकारनं पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा वटहुकमानं रद्द केल्या. काळा पैसा बाहेर काढणं हा हेतू. अशा सुमारे १४४ कोटी रुपयांच्या नोटा बाजारात होत्या. त्यांतल्या जवळपास १३५ कोटींच्या बदलून घेतल्या गेल्या. निर्णय सरकारचा होता, मोजदाद बँकेची.

मग फाळणी आली. नव्या पाकिस्तानकडे मध्यवर्ती बँक नव्हती, म्हणून ३० जून १९४८ पर्यंत दोन्ही देशांचं चलन रिझर्व्ह बँकेनंच सांभाळलं. पाकिस्तानसाठीच्या नोटाही नाशिकरोडलाच छापल्या. नोट आपलीच, फक्त तिच्यावर पाकिस्तान सरकारचं नाव इंग्रजीत आणि उर्दूत जास्तीचं छापलेलं. खाली सही सी. डी. देशमुखांची. संग्राहकांकडे अशी नोट पाहायला मिळाली तर जरूर पाहा. दोन देश झाले होते आणि गव्हर्नर एकच होता.

१ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक सरकारच्या मालकीची झाली. शंभर रुपयांच्या भागामागं भागधारकांना ११८ रुपये १० आणे मिळाले. त्याच वर्षी बँकांवर देखरेखीचा कायदा झाला. ३० जूनला देशमुख निवृत्त झाले.

५. खुर्ची बदलली

निवृत्ती फार टिकली नाही. सरकारनं त्यांना आर्थिक प्रतिनिधी म्हणून अमेरिका-युरोपात पाठवलं. मग १९५० मध्ये नव्या नियोजन मंडळाचे ते सदस्य झाले. त्या मंडळाच्या अधिकारांवरून अर्थमंत्री जॉन मथाई यांनी राजीनामा दिला आणि जूनच्या सुरुवातीला नेहरूंनी देशमुखांना अर्थमंत्री केलं. कालपर्यंत सरकारला उसने देणारा माणूस आता सरकारच्या वतीनं उसने मागणार होता.

पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यांची गव्हर्नरकीतली शिकवण स्पष्ट दिसते. डिसेंबर १९५२ मध्ये पक्की झालेली ही योजना २,०६९ कोटींची होती. करातून आणि कर्जातून जे भागणार नव्हतं त्यासाठी नव्या पैशावर, म्हणजे तुटीच्या अर्थभरणावर, फक्त २९० कोटी ठेवले होते. हा आकडा कुठून आला? लंडनच्या खात्यातून तेवढ्या रकमेचे पौंड मोकळे व्हायचे होते. यामागचा हिशेब साधा आहे. बाजारात २९० कोटींचे नवे रुपये आले, तर तेवढ्याच किमतीचा माल पौंड देऊन बाहेरून आणता येईल, म्हणजे भाव चढणार नाहीत. युद्धात माल बाहेर गेला आणि नोटा आत राहिल्या. आता नोटा निघतील तेव्हा माल आत येईल. १९४३ चं गणित इथं उलट्या बाजूनं सोडवलेलं आहे आणि ते सोडवणारा माणूस तोच आहे. दुसऱ्या योजनेत नव्या पैशाचा आकडा १,२०० कोटींवर गेला आणि तेवढं पौंडांचं तारण आता उरलं नव्हतं.

६. शंभरातले सात

अर्थमंत्री देशमुखांनी बरंच काही केलं. १९५३ चा वारसा संपत्तीवरचा कर, १९५६ चा कंपनी कायदा, आणि १९ जानेवारी १९५६ रोजी स्वतः आकाशवाणीवरून जाहीर केलेलं आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण. त्या घोषणेनं एका रात्रीत २४५ विमा कंपन्या आणि संस्था सरकारच्या ताब्यात आल्या. या प्रत्येकावर वेगळं प्रकरण होईल. मला इथं स्टेट बँकेबद्दल सांगायचं आहे, कारण नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घराशी तिचा थेट संबंध आहे.

१९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली. शेतकरी जे कर्ज काढतो त्यातल्या शंभर रुपयांत सहकारी संस्थांचे तीन, सरकारचे तीन आणि बँकांचा जेमतेम एक रुपया निघाला. बाकीचे ९३ रुपये सावकार, व्यापारी, जमीनदार, नातेवाईक यांच्याकडून आलेले. एकट्या सावकारांचेच सत्तरच्या आसपास. पाहणी समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला होते आणि धनंजयराव गाडगीळ सदस्य होते. मोठ्या इंपीरियल बँकेला सरकारच्या मालकीची करून तालुक्यांच्या गावी न्या, अशी त्यांनी शिफारस केली.

१ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडायच्या, हे बंधन कायद्यानंच घातलं. शाखा आली म्हणून सावकार दुसऱ्या दिवशी गेला नाही. पण आडगावच्या सहकारी सोसायटीला रोख भरायला आणि काढायला सरकारी खजिन्याशिवाय दुसरी जागा नव्हती, ती यातून हळूहळू मिळत गेली. अर्थमंत्र्याचं नाव भाषणांमुळं लक्षात राहतं. माझ्या लेखी देशमुखांचं सर्वांत टिकाऊ काम हेच.

७. कोलाब्याचा खासदार

१९५२ च्या निवडणुकीत ते कोलाबा, म्हणजे आजच्या रायगडातून निवडून आले होते. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई शहर महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय झाला. मुंबई पेटली, गोळीबारात माणसं पडली. देशमुखांनी राजीनामा पुढं केला. तो अखेर जुलैमध्ये स्वीकारला गेला. लोकसभेत त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट बोलून दाखवल्या. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता झाला आणि गोळीबाराची चौकशी झाली पाहिजे. महाराष्ट्रात देशमुखांचं नाव आजही मुख्यतः या राजीनाम्यासाठी घेतलं जातं आणि ते योग्यच आहे.

त्यांच्यामागून आलेले अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी रिझर्व्ह बँकेला आपल्या मंत्रालयाचाच एक भाग समजत. गव्हर्नर बेनेगल रामा राव यांना ते सोसलं नाही. जानेवारी १९५७ मध्ये त्यांनी पद सोडलं. दोन खुर्च्यांमधलं अंतर माणसांवर किती अवलंबून असतं ते यातून कळतं.

८. १९५५ ची एक चूक

आता अवघड गोष्ट. देशमुख अर्थमंत्री असतानाच, १९५५ मध्ये, सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात एक व्यवस्था ठरली. ती समजण्यासाठी आधी 'ट्रेझरी बिल' म्हणजे काय ते पाहू. ९१ दिवसांनी पैसे परत करू, असं सरकारनं लिहून दिलेलं वचनपत्र म्हणजे ट्रेझरी बिल. ठरलं असं, की रिझर्व्ह बँकेतली सरकारची शिल्लक ५० कोटींच्या खाली गेली, की फरकाएवढं बिल सरकारच्या नावे आपोआप तयार व्हायचं आणि ते बँकेनं घ्यायचं.

उदाहरण घेऊ. शिल्लक ५० कोटी आहे. सरकारनं ३० कोटी खर्च केले, उरले २०. लगेच ३० कोटींचं बिल तयार होतं, बँक ते घेते आणि सरकारच्या खात्यात ३० कोटी नवे पैसे लिहिते. ९१ दिवसांनी? जुनं बिल जातं आणि त्याच्या जागी नवं येतं. म्हणजे फेडायचा दिवस कधी उजाडतच नाही. बँकेला नाही म्हणायची संधीही मिळत नाही.

त्या वेळी ही चार दिवसांची हातउसनवारी वाटली असावी आणि छोट्या रकमांसाठी ती सोयीची होतीही. पुढच्या सरकारांनी तिची सवय करून घेतली. १९७४ पासून या बिलांवर व्याज ठरलं फक्त ४.६ टक्के, बाजारभावाहून कितीतरी स्वस्त. सोन्याचा लगाम तर आधीच सैल झाला होता. १९५७ पासून २०० कोटींचं सोनं आणि परकीय रोखे, त्यात ११५ कोटींचं सोनं, एवढं ठेवलं की कायदा कितीही नोटा काढू देतो. उरला असता फक्त गव्हर्नरचा नकार आणि १९५५ च्या व्यवस्थेनं तो आधीच काढून घेतला होता. युद्धातल्या नोटांचा परिणाम ज्यांनी डोळ्यांनी पाहिला त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळात हे घडलं, याचं मला वाईट वाटतं. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल पूर्ण आदर ठेवूनही ही चूक होती, असंच म्हणावं लागेल.

ती दुरुस्त व्हायला चार दशकं लागली. गव्हर्नर राहून पुढं अर्थमंत्री झालेले या देशात आजवर दोघंच. पहिले देशमुख आणि दुसरे मनमोहन सिंग. सप्टेंबर १९९४ मध्ये, मनमोहन सिंग अर्थमंत्री आणि सी. रंगराजन गव्हर्नर असताना, या आपोआप बिलांवर मर्यादा घालण्याचा आणि ती पूर्ण बंद करण्याचा करार झाला. १ एप्रिल १९९७ पासून ती बंद झाली. तेव्हापासून सरकारला रिझर्व्ह बँकेकडून थोड्या दिवसांची, ठरलेल्या मर्यादेतली उचल मिळते आणि ती मुदतीत परत करावी लागते. बाकीचं कर्ज बाजारातून, बाजाराच्या व्याजानं. एप्रिल २००६ पासून तर सरकारी रोख्यांच्या पहिल्या विक्रीत रिझर्व्ह बँकेला सहसा भागही घेता येत नाही. सुरुवातीच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर हे.

राजीनाम्यानंतर देशमुख विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५९ मध्ये मॅगसेसे आणि १९७५ मध्ये पद्मविभूषण असे सन्मान त्यांना मिळाले. 'मेघदूता'चं मराठी भाषांतरही त्यांनी केलं. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला त्यांचं निधन झालं.

त्यांची अर्थसंकल्पाची भाषणं अर्थमंत्रालयाच्या संकेतस्थळावर आजही वाचायला मिळतात. निदान फेब्रुवारी १९५१ चं त्यांचं पहिलं भाषण वाचा आणि शेजारी या वर्षीचं ठेवून, तूट कशातून भरायची हे दोन्हीकडे कुठं आणि किती स्पष्ट सांगितलं आहे, ते स्वतः तपासा.